वाचकांचे प्रश्न : फोर-वायर ऑडिओ पोर्ट आणि पॅकेटचे जाळे

या महिन्यातील पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आली आहेत, म्हणून हा अंक त्या विषयालाच दिला आहे. फोर-वायर ऑडिओ लाइन, म्हणजे आवाज नेण्यासाठी एक जोडी आणि आणण्यासाठी दुसरी जोडी असलेली लाइन, पूर्वी ई-१ मल्टिप्लेक्सरच्या, म्हणजे अनेक आवाज २ मेगाबिटच्या एकाच दुव्यावर एकत्र नेणाऱ्या यंत्राच्या, चॅनेल कार्डवरून जात असे. आता ती सर्किटचे पॅकेटमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाच्या ऑडिओ पोर्टवर आणून आयपी जाळ्यावर सोडली जाते. जुनिपर कंपनीची सीटीपी मालिका हे अशा उपकरणांचे एक परिचित उदाहरण आहे आणि इतर उत्पादकांचीही अशी उपकरणे वापरात आहेत. मेनूतील नावे निरनिराळी असली तरी आतले काम सारखेच असते, त्यामुळे उत्तरे कोणत्याही एका मेनूला धरून न देता त्या कामाला धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या कंट्रोल कार्यालयातील एक फोर-वायर लाइन मल्टिप्लेक्सरवरून काढून पॅकेट उपकरणावर घेतली. मल्टिप्लेक्सरवर ती वर्षानुवर्षे नीट चालत होती. आता कार्यालयाकडून स्टेशनांकडे जाणारा आवाज फाटतो आणि स्टेशनांकडून येणारा आवाज इतका बारीक असतो की रिसीव्हर कानाला दाबून धरावा लागतो. दोन्ही टोकांच्या पोर्टची सेटिंग अगदी सारखी ठेवली आहे, तरी असे का व्हावे? — एक तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : दोन्ही टोकांची सेटिंग सारखी ठेवली, हेच बहुधा कारण असावे. पोर्टवर जी लेव्हल (आवाजाच्या संकेताची पातळी) लिहायची असते ती पॅकेट उपकरणाची नसते. त्या पोर्टला जोडलेले यंत्र किती लेव्हलने आवाज देते आणि किती लेव्हलने मागते, ते पोर्टला सांगायचे असते. दोन टोकांना दोन प्रकारची यंत्रे असतील, किंवा यंत्र एकच असूनही एका टोकाला मधे लांब तांब्याची केबल असेल, तर दोन पोर्टचे आकडे वेगळेच असायला हवेत. जुन्या मल्टिप्लेक्सरच्या चॅनेल कार्डवर हे काम कोणीतरी स्ट्रॅपिंग करून (ठरावीक टोके तारेने जोडून) किंवा पोटेन्शिओमीटर फिरवून पूर्वीच करून ठेवलेले असते. कार्ड काढले की त्याच्याबरोबर ते समायोजनही जाते, आणि नव्या पोर्टवर कारखान्यातून आलेले आकडे राहतात.

आकड्यांत पाहिले तर आपल्या लाइनवर काय घडत असावे ते स्पष्ट होईल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.७१२ शिफारशीत फोर-वायर पोर्टसाठी आत येणारी लेव्हल उणे १४ डीबीआर आणि बाहेर जाणारी अधिक ४ डीबीआर अशी धरलेली आहे. उत्तर अमेरिकेत उणे १६ आणि अधिक ७ ही जोडी रूढ आहे. उणे १४ डीबीआरचा अर्थ असा की यंत्राकडून उणे १४ डीबीएमचा (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेल्या लेव्हलचा) टोन आला, तर उपकरण त्याला आपल्या आत शून्य डीबीएम०, म्हणजे आपली प्रमाण लेव्हल, मानते. आता कार्यालयातील कन्सोल शून्य डीबीएमने आवाज देत असेल आणि पोर्ट मात्र उणे १४ वर बेतलेला असेल, तर आत पोचणारा टोन अधिक १४ डीबीएम० होतो. आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या जी.७११ या शिफारशीतील ए-लॉ पद्धतीत अंकांत मावणारी कमाल लेव्हल अधिक ३.१४ डीबीएम० एवढीच आहे. तिच्यावरचा सर्व भाग छाटला जातो, आणि आवाजाची शिखरे सपाट झाली की आपल्या कानाला तो फाटल्यासारखा लागतो.

उलट दिशेला याच्या विरुद्ध घडते. स्टेशनचे यंत्र उणे १४ ने देत असले तरी पोर्टपर्यंतच्या केबलमध्ये १२ डेसिबल गेले, तर पोर्टवर उणे २६ येतात. पोर्ट त्यांना उणे १२ डीबीएम० मानतो आणि कार्यालयाच्या बाजूला अधिक ४ ऐवजी उणे ८ डीबीएम बाहेर पडतात. एका लाइनवर अनेक स्टेशने समांतर जोडलेली असली की प्रत्येक जोडणी आणखी थोडी लेव्हल खाते, त्यामुळे शेवटच्या स्टेशनचा आवाज सर्वांत बारीक असतो.

यावर सर्वसाधारणपणे केला जाणारा उपाय म्हणजे ज्या टोकाला बारीक ऐकू येते त्या टोकाच्या पोर्टवर बाहेर जाणारी लेव्हल वाढवणे. मला हा उपाय मान्य नाही. आवाजाबरोबर वाटेत मिसळलेली खरखर आणि अंकीकरणातून आलेला गोंगाटही त्याने तेवढाच वाढतो. जी.७१२ नुसार शून्यापासून उणे ३० डीबीएम० पर्यंतच्या टोनला अंकीकरणाच्या गोंगाटापेक्षा किमान ३३ डेसिबल वर राहायचे असते, उणे ४० ला ही अपेक्षा २७ वर आणि उणे ४५ ला २२ वर येते. म्हणजे आत जाताना आवाज जितका खाली, तितका गोंगाट त्याच्या जवळ येतो, आणि नंतर कितीही वाढवले तरी ते अंतर पुन्हा रुंद होत नाही. तसेच आत जाताना फाटलेला आवाज बाहेर पडताना कमी केल्याने जुळून येत नाही. म्हणून दुरुस्ती नेहमी आवाज जिथे आत शिरतो त्या पोर्टवर करावी आणि दुसऱ्या टोकाचा बाहेरचा आकडा फक्त तिथल्या यंत्राच्या गरजेप्रमाणे ठेवावा. केबलमध्ये बरीच लेव्हल जात असेल, तर ती केबलच्या शेवटी असलेल्या पोर्टवरच भरून काढावी.

प्रत्यक्ष करताना प्रथम दोन्ही पोर्ट शांत ठेवून यंत्रांच्या मूळ पुस्तिकेतून त्यांच्या देण्या-घेण्याच्या लेव्हल काढाव्यात. पुस्तिका नसेल तर यंत्राकडूनच टोन सोडून टॅग ब्लॉकवर (तारा जोडण्याच्या पट्टीवर) मोजाव्यात. मग कार्यालयाच्या टोकाला यंत्राच्या जागी टेस्ट सेट (टोन देणारे व मोजणारे साधन) लावून यंत्राच्याच लेव्हलचा १०२० हर्ट्झचा टोन द्यावा आणि दूरच्या टोकाला पाहावे. नेमका १००० हर्ट्झचा टोन शक्यतो वापरू नये. सॅम्पलिंग सेकंदाला ८००० वेळा होते आणि १००० ने ८००० ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात तेच आठ नमुने पुन्हा पुन्हा घेतले जातात आणि मापनात थोडी पण फसवी चूक येते. १०२० हर्ट्झला किंवा अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या १००४ हर्ट्झला ही अडचण येत नाही. एक दिशा जुळली की उलट दिशा स्वतंत्रपणे जुळवावी. एकीचा आकडा पाहून दुसरीचा ठरवू नये.

मेनूतील ‘ट्रान्समिट’ आणि ‘रिसीव्ह’ ही नावे काही उपकरणांत तारेच्या बाजूने तर काहींत जाळ्याच्या बाजूने धरलेली असतात. एक आकडा ३ डेसिबलने बदलून कोणत्या टोकाचे वाचन हलते ते पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो, आणि पुढचा दिवसभराचा गोंधळ वाचतो.

एक धोका येथेच सांगणे आवश्यक आहे. चाचणीसाठी दूरच्या टोकाला बाहेर जाणारी जोडी आत येणाऱ्या जोडीला सरळ बांधून लूप करण्याची सवय पुष्कळांना असते. अधिक ४ ची जोडी उणे १४ च्या जोडीला बांधली की टोन १८ डेसिबलने जास्त होऊन परत फिरतो, छाटला जातो, आणि आपण पोर्टच बिघडला असे समजतो. लूप करायचाच असेल तर मधे १८ डेसिबलचा पॅड (लेव्हल तेवढी कमी करणारा भाग) घालावा.

प्रश्न : एकाच जोडीवर आमच्या दोन टेस्ट सेटची वाचने सुमारे ६ डेसिबलने वेगळी येतात. दोन्ही नुकतेच कॅलिब्रेट करून आणलेले आहेत. कोणत्या सेटवर विश्वास ठेवावा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्हींवर ठेवावा, ते दोन वेगळ्या परिस्थितींत मोजत आहेत. एक सेट ६०० ओहमच्या टर्मिनेशनवर (लाइनला स्वतःच ६०० ओहमचा भार देणारा) आणि दुसरा हाय इम्पिडन्सवर (लाइनला जवळजवळ भार न देणारा) असावा. लाइन उघडी असताना हाय इम्पिडन्सने मोजले तर पोर्टच्या आतल्या ६०० ओहमवर काहीच व्होल्टेज खर्च होत नाही, वाचन दुप्पट व्होल्टेजचे म्हणजे ६ डेसिबल जास्त येते. याच्या उलट चूकही तितकीच होते. यंत्र जोडलेले असतानाच टेस्ट सेट ६०० वर ठेवून समांतर लावला, तर पोर्टला ३०० ओहमचा भार दिसतो आणि वाचन सुमारे ३.५ डेसिबलने खाली येते. नियम सोपा आहे. यंत्र काढून मोजत असाल तर सेट ६०० ओहमवर ठेवावा, यंत्र जोडलेले ठेवून मोजत असाल तर हाय इम्पिडन्सवर ठेवावा. आपल्याला पडताळा हवा असेल तर ६०० ओहमवर शून्य डीबीएम म्हणजे ०.७७५ व्होल्ट; साध्या पण चांगल्या एसी व्होल्टमीटरनेही तो घेता येतो, मात्र तो मीटर टोनच्या वारंवारतेला बरोबर वाचणारा असावा.

आपण मोजलेली ३.५ किंवा ६ डेसिबलची ही तफावत सेटिंगमध्ये ‘दुरुस्त’ केली गेली असेल, तर आधी ती काढून टाकावी. मी पाहिलेल्या बिघडलेल्या लाइनपैकी पुष्कळांच्या सेटिंगमध्ये हेच दोन आकडे दडलेले आढळतात.

प्रश्न : आमच्या ऑडिओ लाइनवर दर काही मिनिटांनी ‘खट्’ असा आवाज येतो. जाळ्यात पॅकेट हरवत नाहीत हे आम्ही तपासले आहे. बफर वाढवला तेव्हा खट् कमी वेळा येऊ लागला, पण थांबला नाही. ही ॲनालॉग लाइन असल्यामुळे क्लॉकचा प्रश्न येत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. — एक कनिष्ठ अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सांगणाऱ्याचा समज चुकीचा आहे, आणि हा समज फार पसरलेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ॲनालॉग पोर्टवर बाहेरून क्लॉक येत नाही हे खरे; पण पोर्टच्या मागचा कोडेक (आवाजाचे अंक आणि अंकांचा आवाज करणारा भाग) दर सेकंदाला ८००० नमुने घेतो, आणि ते ८००० कोणाच्या घड्याळाने मोजायचे हा प्रश्न उरतोच. तो उपकरणाच्या आतल्या क्रिस्टलने मोजत असेल, तर एका टोकाचे ८००० आणि दुसऱ्या टोकाचे ८००० कधीच तंतोतंत सारखे नसतात. ई-१ साठी मान्य असलेली मर्यादा अधिक-उणे ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) आहे. समजा एक टोक अधिक ५० वर आणि दुसरे उणे ५० वर आहे. फरक १०० पीपीएमचा, म्हणजे सेकंदाला ०.८ नमुन्याचा झाला.

बफर, म्हणजे आलेला आवाज बाहेर देण्यापूर्वी थोडा वेळ साठवण्याची जागा, ही पाण्याच्या टाकीसारखी गोष्ट आहे. भरणारा नळ आणि सोडणारा नळ यांच्या धारेत बारीकसा फरक असला तरी टाकी कधीतरी भरून वाहणार किंवा कोरडी पडणारच. बफर ४० मिलिसेकंदांचा आणि सुरुवातीला निम्मा भरलेला धरला, तर कोणत्याही बाजूला २० मिलिसेकंदांची म्हणजे १६० नमुन्यांची जागा असते. सेकंदाला ०.८ नमुन्याच्या वेगाने ती २०० सेकंदांत संपते. तेव्हा उपकरण बफर पुन्हा निम्म्यावर आणते, आणि त्या क्षणी आपल्याला खट् ऐकू येतो. बफर दुप्पट केला तर २०० चे ४०० सेकंद होतात. आपला अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

याची खूण पटवणारी आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही टोकांचे बफर काउंटर शेजारी ठेवून पाहावेत. ज्याचा क्लॉक वेगवान आहे त्या टोकाला अंडरफ्लो (बफर कोरडा पडणे) वाढत जाईल आणि संथ टोकाला ओव्हरफ्लो (बफर भरून वाहणे). जाळ्यातील जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतील चढउतार) किंवा पॅकेटहानी असती तर खट् अनियमित आला असता, कामाच्या गर्दीच्या वेळी जास्त आणि रात्री कमी आला असता. ठरावीक अंतराने येणारा आणि एका टोकाला अंडरफ्लो, दुसऱ्या टोकाला ओव्हरफ्लो दाखवणारा खट् क्लॉकचाच असतो.

उपाय एकच आहे, तो म्हणजे दोन्ही टोकांना एकाच मूळ घड्याळाला बांधणे. जवळ ई-१ किंवा जीपीएसवर चालणारा चांगला संदर्भ असेल तर दोन्ही टोकांना तो द्यावा. जाळ्यातील स्विच सिंक्रोनस इथरनेटचे किंवा आयईईई १५८८ चे, म्हणजे जाळ्यातूनच क्लॉक पोचवणाऱ्या पद्धतींचे, असतील तर त्यातून घ्यावा. यातले काहीच नसेल तर एक टोक मुख्य ठेवून दुसऱ्या टोकाला अडॅप्टिव्ह क्लॉक रिकव्हरी लावावी, म्हणजे ते टोक येणाऱ्या पॅकेटच्या सरासरी वेगावरून आपला क्लॉक ओढून घेते. दोन्ही टोकांना अडॅप्टिव्ह कधीही लावू नये. तसे केले की प्रत्येक टोक दुसऱ्याच्या मागे जाते, कोणीच मुख्य राहत नाही आणि दोन्ही क्लॉक मिळून भलतीकडे सरकत जातात. हे झाल्यावर बफर पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर आणावा. वाढवून ठेवलेल्या बफरने आता फक्त विलंब वाढेल.

प्रश्न : पॅकेट लहान ठेवावे की मोठे? आमच्या प्रशिक्षणात लहान पॅकेटने विलंब कमी होतो एवढेच शिकवले, पण जाळ्याचे लोक मोठे ठेवा म्हणतात. — पदविकेचा एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एका बाजूला वेळ मोजावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला वहनक्षमता. जी.७११ चा आवाज ६४ किलोबिट प्रतिसेकंद, म्हणजे मिलिसेकंदाला ८ बाइट. ५ मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये ४० बाइट आवाज असतो आणि त्याच्यावर आयपी, यूडीपी व आरटीपी या जाळ्याच्या नियमांच्या शीर्षांचे मिळून आणखी ४० बाइट चढतात. इथरनेटचे १८ धरले तर ९८ बाइट होतात. अशी २०० पॅकेट सेकंदाला जातात, म्हणजे एका दिशेला १५६.८ किलोबिट लागतात. १० मिलिसेकंदांना ते ११०.४ आणि २० मिलिसेकंदांना ८७.२ होतात. विलंबाची बाजू सरळ आहे : २० मिलिसेकंदांचे पॅकेट भरायला २० मिलिसेकंद लागतात आणि असे पॅकेट हरवले तर १६० नमुने एकदम जातात.

ऑडिओ लाइनसाठी मी १० मिलिसेकंद सुचवीन. काही उपकरणांत पॅकेटचा आकार मिलिसेकंदांत नव्हे तर बाइटमध्ये मागितला जातो आणि आधीपासून भरलेला आकडा वेगवान डेटा सर्किट डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असू शकतो. ६४ किलोबिटच्या आवाजाला १०२४ बाइटचे पॅकेट दिले तर ते भरायलाच १२८ मिलिसेकंद लागतात! जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. पॅकेट भरण्यातच एवढे गेले तर बफरला आणि वाटेला काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे नवे पोर्ट उघडताना हा आकडा सर्वांत आधी पाहावा.

बफर किती ठेवायचा हे पॅकेटच्या आकारावर आणि वाटेतील सर्वांत मंद दुव्यावर अवलंबून असते. २ मेगाबिटच्या दुव्यावर १५०० बाइटचे एखादे फाइलचे पॅकेट आपल्या पॅकेटच्या पुढे लागले तर ते जायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, आणि असे तीन दुवे ओळीने असले की जिटर तिथेच १५ च्या पुढे जातो. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ची (पॅकेटच्या शीर्षातील अग्रक्रमाची) खूण करून वाटेतील प्रत्येक राउटरवर तिला अग्रक्रम मिळतो आहे याची खात्री करावी; अग्रक्रमामुळे रांग टळते, तरी आधीच निघालेले मोठे पॅकेट संपेपर्यंत थांबावेच लागते. बफर दोन पॅकेटपेक्षा कमी ठेवू नये, आणि क्लॉक जुळल्याशिवाय बफरला हात लावू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत आहे. येथील कार्यालय आणि मुंबईचे कार्यालय यांच्यात एक कायमची ऑडिओ लाइन आहे. आवाज कळतो, पण खरखरीत आणि पिळवटल्यासारखा येतो. लेव्हल दोन्हीकडे बरोबर आहे. — एक वाचक

उत्तर : एक पोर्ट म्यू-लॉवर आणि दुसरा ए-लॉवर असावा. जी.७११ मध्ये दोन पद्धती आहेत; उत्तर अमेरिका व जपानमध्ये म्यू-लॉ, तर भारतासह बहुतेक इतर देशांत ए-लॉ चालते. दोन्ही ८ बिटच्या आणि ६४ किलोबिटच्याच असल्यामुळे पॅकेट विनातक्रार पोचतात, काउंटर स्वच्छ दिसतात, आणि चूक फक्त ऐकणाऱ्याला कळते. दोन देशांमधील सर्किटवर रूपांतराची जबाबदारी म्यू-लॉ वापरणाऱ्या बाजूची, असा जी.७११ चाच संकेत आहे. आपल्याकडे दोन्ही टोके आपल्याच ताब्यात असतील तर दोन्ही पोर्ट ए-लॉवर ठेवणे सर्वांत सोपे. पोर्टच्या बाहेर ॲनालॉग तारच असल्यामुळे न्यू जर्सीतील यंत्राला त्याचा काही फरक पडणार नाही. मात्र तेथील लेव्हल उणे १६ व अधिक ७ असण्याची शक्यता लक्षात घेऊन ती तशीच राहू द्यावी.

प्रश्न : डोंगरावरील व्हीएचएफ रेडिओ आम्ही खालच्या कार्यालयातून फोर-वायर ई अँड एम पोर्टद्वारे चालवतो. बोलताना पहिले अक्षर कापले जाते. आणखी एक भीतीदायक प्रकार घडला : पावसात वरचा दुवा तुटला तेव्हा रेडिओ प्रक्षेपण करतच राहिला आणि संपूर्ण चॅनेल अडला. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुसऱ्या प्रकाराचे उत्तर आधी देतो, कारण त्यात इतरांचेही नुकसान आहे. ई अँड एम पोर्टमध्ये आवाजाच्या जोड्यांखेरीज चालू-बंदचा संकेत नेणाऱ्या दोन तारा असतात : ई तार पोर्टकडून रेडिओला संकेत देते आणि एम तार उलट दिशेने. दुवा तुटल्यावर ई तारेने कोणत्या अवस्थेत जावे याची सेटिंग पोर्टवर असते. शेवटची अवस्था धरून ठेवणे हा पर्याय निवडलेला असेल, तर बोलत असताना दुवा तुटला की पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचा स्विच) दाबलेलाच राहतो. रेडिओच्या पोर्टवर दुवा तुटताच मोकळ्या अवस्थेत जाणे हाच पर्याय निवडावा, आणि निवडल्यावर पीटीटी दाबून धरून वरची नेटवर्क केबल काढून तो खरोखर सुटतो का हे प्रत्यक्ष पाहावे. याशिवाय रेडिओमध्येच प्रक्षेपणाची कमाल वेळ ठरवण्याची सोय असेल तर तीही लावावी. उपकरणाच्या एका सेटिंगवर संपूर्ण चॅनेल सोपवू नये.

पहिल्या अक्षराची दोन कारणे संभवतात. पीटीटीचा संकेत आवाजाच्याच पॅकेटमधून जात असेल तर दोघे एकाच बफरमधून एकाच वेळी बाहेर पडतात. तो स्वतंत्र पॅकेटने जात असेल तर मागे राहू शकतो. उपकरणात दोन्ही पर्याय असतील तर पहिला निवडावा. दुसरे कारण रेडिओचे स्वतःचे आहे : पीटीटी मिळाल्यापासून पूर्ण शक्तीने प्रक्षेपण सुरू व्हायला त्याला थोडा वेळ लागतो, आणि तोवर आलेला आवाज वाया जातो. काही उपकरणांत आवाजाला पीटीटीच्या मागे थोडे रोखून धरण्याची सोय असते. ती असल्यास वापरावी. विमान वाहतूक नियंत्रणाच्या रेडिओसाठी युरोके या युरोपीय संस्थेच्या ईडी-१३७ मानकात पीटीटी आवाजाच्या आरटीपी पॅकेटच्या शीर्षातच बसवला आहे तो याच गरजेपोटी.

जोडणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. ई अँड एमच्या पहिल्या प्रकारात एम तारेवर उणे ४८ व्होल्टची बॅटरी येते. पाचव्या प्रकारात ई आणि एम दोन्ही केवळ अर्थला जोडल्या किंवा सोडल्या जातात. रेडिओचा पीटीटी बहुधा नाजूक ट्रान्झिस्टरचा असतो, म्हणून मधे रिले घालावा आणि शक्य असेल तर पाचवा प्रकार निवडावा. डोंगरावर वीज पडण्याचा धोका असल्याने रिलेमुळे मिळणारे विलगीकरणही उपयोगाचे आहे.

प्रश्न : डीटीएमएफने (बटण दाबल्यावर उमटणाऱ्या जोड-टोनने) स्टेशन निवडून बोलावण्याची आमची पद्धत आहे. पॅकेटवर गेल्यापासून काही वेळा घंटाच वाजत नाही. व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शन आणि इको कॅन्सलर दोन्ही चालू आहेत. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोन्ही बंद करावेत. शांततेत पॅकेट न पाठवण्याची व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शनची युक्ती टोनची सुरुवात खाऊ शकते, आणि थोडक्या वेळाच्या टोनमधून तेवढा भाग गेला की डीकोडर तो ओळखत नाही. शेवटपर्यंत फोर-वायर असलेल्या लाइनवर इको निर्माण करणारा हायब्रिडच (दोन तारा आणि चार तारा एकमेकांना जोडणारा भाग) नसतो, तेव्हा कॅन्सलरला काही काम नाही. लाइनच्या टोकाला टू-वायर फोन जोडलेला असेल तरच तो ठेवावा. कोडेक जी.७११ च असल्याचीही खात्री करावी. जी.७२९ सारखा ८ किलोबिटचा कोडेक माणसाच्या आवाजासाठी घडवलेला आहे, टोन त्यातून भरवशाने जात नाहीत. मोडेम जोडलेल्या लाइनला हेच सर्व अधिक कडकपणे लागू आहे.

प्रश्न : मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. आम्ही प्रत्येक चॅनेलच्या लेव्हल वहीत लिहून ठेवत असू. आता मुले म्हणतात की सेटिंगची फाइल जपली की वहीची गरज नाही. आपले मत काय? — एक ज्येष्ठ वाचक, मिरज

उत्तर : वही हवीच, असे माझे स्पष्ट मत आहे. फाइलमध्ये पोर्टला काय सांगितले ते असते. टॅग ब्लॉकवर प्रत्यक्षात किती मिळाले, कोणत्या यंत्राने किती दिले आणि मापन ६०० ओहमवर घेतले की हाय इम्पिडन्सवर, यांपैकी काहीही त्यात नसते. वरील नागपूरच्या वाचकांकडे जुन्या चॅनेल कार्डांच्या लेव्हल लिहिलेल्या असत्या, तर लाइन वळवण्याचे त्यांचे काम एका दुपारचे होते. आजच्या वहीत प्रत्येक पोर्टसमोर दोन्ही दिशांचा १०२० हर्ट्झचा टोन देताना व घेताना किती होता, जोडलेल्या यंत्राचे नाव, कोडेकचा प्रकार, पॅकेटचा व बफरचा आकार, आणि क्लॉक कोठून घेतला एवढे तारखेसह असावे. ‘३०० आणि ३४०० हर्ट्झला लेव्हल किती पडते’ हेही वर्षातून एकदा लिहिले, तर केबल ओली होऊ लागल्याचे आवाज बिघडण्यापूर्वीच कळते. कार्ड बदलल्यावर जुनी फाइल नव्या कार्डावर चढवून थांबू नये. वहीतील टोन पुन्हा द्यावा, आणि अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर लाइन वापरात देण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे.